सीजेडीची शंका आलीय? घरच्यांनी काय करायचं

न्यूरोलॉजिस्टने फाईलवर ‘सीजेडी?’ असं लिहून दिलं असेल तर आधी त्या प्रश्नचिन्हाकडे बघा. पूर्ण नाव क्रॉइट्झफेल्ट-याकोब डिसीज, मेंदूचा आजार, सर्च केलं की पहिल्याच ओळीत ‘इलाज नाही’ येतं आणि घरातल्यांच्या हातापायातलं बळ जातं. मामाच्या वेळी आम्ही चार दिवस नुसते मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो, ते चार दिवस खरं तर टेस्टच्या मागे लागायचे होते.

कारण महिना-दोन महिन्यांत माणूस विसरायला लागला, तोल जायला लागला, भलतंच बोलायला लागला म्हणजे सीजेडीच असं नसतं. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते तो आजार) हुबेहूब असाच दिसतो आणि तो औषधांनी बरा होऊ शकतो. बी१, बी१२ कमी असणं, थायरॉइडची गडबड, सिफिलिस, बाहेरून न दिसणारी फिट, हे सगळं तपासलं का असं डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात लाजायचं काही नाही. सीजेडी दुर्मिळ आहे, वर्षाला दहा लाखांत एक-दोन माणसांना होतो.

टेस्टमध्ये एमआरआय करताना डिफ्युजन नावाचे खास फोटो हवेतच, सीजेडी असेल तर त्यात मेंदूची कड रिबिनीसारखी चमकते. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, होतो. पाठीतून पाणी काढतात त्यात १४-३-३ नावाचं प्रोटीन बघतात, पण ते मेंदूला दुसरी कुठली इजा झाली तरी वाढतं, म्हणून त्याच्या एकट्यावर विसंबू नका, आरटी-क्विक नावाची टेस्ट होते का ते विचारा. ही टेस्ट मला फार आवडली (आवडली म्हणजे काय, पण तरी). त्या पाण्याचे थेंब चांगल्या प्रोटीनमध्ये टाकून हलवत ठेवतात, पाण्यात बिघडलेलं प्रोटीन असेल तर चांगल्याचीही घडी बिघडत जाते आणि यंत्रात ते चमकायला लागतं.

आजार तरी दुसरा काय आहे, तेच. हा ज्याच्यामुळे होतो तो प्रायॉन म्हणजे ना जंतू ना व्हायरस, त्यात डीएनएच नाही. आपल्याच मेंदूतलं प्रोटीन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्याला तशीच घडी घालायला लावतं. स्टॅन्ली प्रुसिनरने १९८२ला हे नाव दिलं तेव्हा लोकांचा विश्वास बसेना, १९९७ला त्यालाच नोबेल मिळालं. म्हणून अँटिबायोटिक इथे चालत नाही. क्विनाक्रिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधं माणसांवर करून बघितलंय, आयुष्य वाढलं नाही. त्यामुळे कोणी ‘शंभर टक्के बरा करतो’ म्हणून पैसे मागितले तर दार दाखवा. नवीन औषधांच्या ट्रायल चालू असतात, चौकशी जरूर करा, पण ट्रायलच्या निकालाची वाट बघत बसू नका, बहुतेक पेशंटकडे वर्षही नसतं.

मग करायचं काय, तर सांभाळायचं. मामाजवळ चमचा जरी खाली पडला तरी सगळं अंग खाडकन उडायचं. म्हणून मागून हात लावू नका, समोर या, आधी आवाज द्या मग हात लावा. झटक्यांसाठी डॉक्टर क्लोनाझेपाम किंवा व्हॅल्प्रोएट देतात, बराच फरक पडतो. जेवताना पाठ सरळ हवी, पातळ पाणी ठसका लावतं म्हणून ते घट्ट करून द्या. दर दोन तासांनी कूस बदला. नाकातून नळी घालायची का हे गिळणं बंद व्हायच्या आधीच बसून ठरवा, नंतर भांडणं होतात.

आणि त्यांना वेगळं ठेवू नका! शिवल्याने, खोकल्याने, एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही. भांडी-कपडे नेहमीसारखे धुवा. धोका मेंदू, मणका, डोळ्याच्या आतला भाग यांच्याशी संबंध आलेल्या ऑपरेशनच्या हत्यारांचा. स्पिरिट, साधं उकळणं, फॉर्मलिन याने प्रायॉन मरत नाही, त्याला तीव्र कॉस्टिक सोडा किंवा १३४ डिग्रीवर १८ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) लागतो. त्यामुळे कुठलंही ऑपरेशन असेल तर आधी सांगा. रक्तदान, अवयवदान नाही.

जनावरांतल्या प्रायॉनच्या आजारांचं विचारतात लोक. मेंढ्यांचा स्क्रेपी जुना, अंग घासून घासून लोकर जाते, माणसाला होतो असा पुरावा नाही. मॅड काऊ १९८६ला ब्रिटनमध्ये सापडला, गुरांचंच मांस-हाडं दळून गुरांना घातली म्हणून पसरला, आणि १९९६ला तो माणसात आल्याचं कळलं. हरणांचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) उत्तर अमेरिकेत पसरलाय, माणसाला झालेला सिद्ध नाही, तरी शिकार करणाऱ्याने ग्लोव्हज घालावेत, मेंदू-मणका कापू नये, त्या हरणाच्या टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत मांस खाऊ नये. जनावरांतही औषध नाही, मारून विल्हेवाट लावणं एवढंच.

शेवटचं, जीनची टेस्ट. दहा-पंधरा टक्के केसेस घराण्यातून येतात, तसं असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. पण आधी पेशंटचंच रक्त पाठवा, त्यात निघालं नाही तर मुलांचा प्रश्नच उरत नाही. आम्हाला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही, मामाचा निगेटिव्ह रिपोर्ट आला तेव्हा त्याला जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि तोवर मामेबहीण रोज सकाळी आरशासमोर एका पायावर उभी राहून तोल तपासायची.