तबूले पाणचट का होतं? या चुका टाळा

तबूलेची ओळख आपल्याकडे ‘दलियाचं सॅलड’ अशी करून दिली जाते आणि निम्मा घोटाळा तिथेच होऊन बसतो. लेबनॉन-सीरियाकडचा हा पदार्थ मुळात पाल्याचा आहे. वाडग्यात हिरवंगार रान दिसलं पाहिजे आणि गहू त्यात शोधावा लागला पाहिजे. प्रमाण उलटं झालं की पुढ्यात येतो तो कोथिंबीर भुरभुरलेला गार सांजा.

चौघांसाठीचं प्रमाण आधी सांगून टाकते. निवडलेली पार्सली (कोथिंबिरीसारखा दिसणारा विलायती पाला) १५० ग्रॅम, पुदिन्याची नुसती पानं २५ ग्रॅम, बारीक बुलगूर ४५ ग्रॅम (म्हणजे जेमतेम पाव कप), टोमॅटो ३०० ग्रॅम, पातीचे कांदे ४, चार रसदार कागदी लिंबांचा साधारण ६० मिली रस, तेवढंच ऑलिव्ह तेल, पाऊण चमचा मीठ, पाव चमचा मिरपूड. पाव कप बुलगूर बघून ‘एवढ्याशाने काय होणार’ म्हणत हात सैल सोडू नका. तो भिजून दुपटीहून जास्त फुगतो.

या यादीत पाणी कुठेच नाही. पण तबूले बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यानेच. पाल्यावर राहिलेलं, बुलगुरात मुरलेलं, टोमॅटोला सुटलेलं, वाट चुकलेलं पाणी.

लापशी रव्याला बुलगूर समजणं

पाककृतीत ‘बुलगूर किंवा दलिया’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं. ‘किंवा’ लिहिणाऱ्याने लापशी रवा भिजवून कधी चावून पाहिलेला नसतो.

कोकणातल्या माणसाला हा फरक एका वाक्यात कळतो: उकडा तांदूळ तसा बुलगूर म्हणजे उकडा गहू. गहू आधी शिजवतात, मग कडकडीत वाळवतात, मग भरडतात. दाण्यातलं पिष्ट एकदा शिजून गेलेलं असतं, त्यामुळे बारीक बुलगूर नुसत्या रसात भिजूनही खाण्याजोगा होतो. लापशी रवा किंवा गव्हाचा दलिया म्हणजे कच्चा गहू भरडलेला. तो तासभर भिजवा नाहीतर रात्रभर, कच्चा तो कच्चाच.

पाकिटावर काय छापलंय यापेक्षा दाण्याकडे बघा. बुलगुराचा दाणा उजेडात धरला तर पिवळसर, काचेसारखा किंचित पारदर्शक दिसतो. लापशी रव्याचा तुकडा आत पांढरा, पिठूळ असतो. तरी शंका राहिली तर एक चमचा दाणे वाटीभर गार पाण्यात २० मिनिटं ठेवा. बुलगूर आतपर्यंत मऊ होतो आणि पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. लापशी रव्याचं पाणी दुधाळ होतं आणि दाणा चावला की मधोमध खडूसारखी कणी लागते.

ही कणी एकदा दातांखाली आली की घाबरून कुकरची शिट्टी काढली जाते आणि लापशी रव्याची, नावाला जागून, लापशी होते. घरात दुसरं काही नसेल तर कुकरच्या वाटेला जाऊ नका. ५० ग्रॅम रवा अर्धा लिटर खळखळत्या मिठाच्या पाण्यात ८ ते १० मिनिटं उकळा, मधली कणी गेली की लगेच चाळणीत ओता, वरून एकदा गार पाणी सोडा आणि ताटात पसरून पंख्याखाली कोरडा होऊ द्या. फक्त हे ध्यानात ठेवा की हा शिजलेला रवा आता आणखी रस पिणार नाही. तेव्हा टोमॅटोचा रस पूर्ण निथळून काढावाच लागेल.

खरा बुलगूर घेतला तरी जाडी बघा. तबूलेला सगळ्यात बारीक लागतो, एक नंबरचा, साधारण जाड्या रव्याएवढा. तीन-चार नंबरचा जाडा बुलगूर पुलावाचा आहे. तो भिजवून भागत नाही. आणि ‘कुसकुस चालेल का’ याचं उत्तर नाही. तो रव्याच्या वळलेल्या बारीक गोळ्यांचा प्रकार आहे, लिंबाच्या रसात त्याचा चिखल होतो.

बारीक बुलगुरावर उकळतं पाणी ओतायची सवयही सोडा. तुर्कस्तानात ‘कसर’ नावाचा भाऊबंद आहे, त्यात बुलगूर गरम पाण्याने फुलवतात, पण तिथे टोमॅटोची आणि मिरचीची दाट पेस्ट त्याला धरून ठेवते आणि धान्यच मुख्य असतं. तबूलेत पाणी घालायचंच नाही. टोमॅटोचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे रसासकट वाडग्यात घ्या, त्यात कोरडा बुलगूर आणि निम्मा लिंबूरस घालून ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा. जो रस नंतर तळाशी साचून तुम्हाला छळणार होता, तोच बुलगूर पिऊन बसतो. इतकं सरळ असताना लोक बुलगूर पाण्यात भिजवतात, टोमॅटोचा रस पिळून टाकतात आणि मग चव नाही म्हणून चाट मसाला शोधतात. काळ्या मिठाचा वास पार्सलीच्या वर बसतो, हे वेगळं सांगायला नको.

घरी बुलगूर करायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये वाळवणं घालतानाच उरकून घ्या. गहू धुऊन, मऊ पण न फुटता शिजेल इतपत उकडायचा, निथळायचा आणि सुती कापडावर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचा. दाणा दाताखाली टचकन तुटला म्हणजे झाला. मग मिक्सरला थांबत थांबत फिरवून चाळायचा: वरचा जाडा पुलावाला, मधला तबूलेला, खालचं पीठ भाजणीत. खपली किंवा बन्सी गव्हाचा दाणा मोकळा राहतो.

ओला पाला चिरणं

ही चूक इतकी नेमाने होते की तिचं वेळापत्रक लिहून देता येईल. साडेसातला पाहुणे येणार. साडेचारला पार्सली नळाखाली धरली, दोनदा झटकली आणि चिरायला घेतली. पाच वाजता वाडगा हिरवागार, वर तेल-लिंबू-मीठ, फोटो काढून झाला, वाडगा फ्रिजमध्ये. सहाला तळाशी दोन चमचे पाणी. सातला पाला निम्म्यावर बसलेला. आठला वाढताना ताटात हिरवट पाण्याचा ओघळ, तो पोळीपर्यंत पोचलेला, आणि पुदिना काळा. मग दोष बाजारातल्या पार्सलीला.

पार्सलीचा काही दोष नसतो. ओलं पान सुरीखाली घसरतं आणि कापलं जाण्याऐवजी चेंगरतं, त्याचा रस फळीवर जातो. जे पाणी पानांवर राहतं ते लिंबाची धार बोथट करतं, आणि तेल ओल्या पानाला धरत नाही, खाली उतरतं.

पाला अख्खा धुवायचा, चिरून कधीच नाही. मोठ्या पातेल्यात पाणी भरून जुड्या बुडवा, हलवा, पाच मिनिटं थांबा आणि पाला वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर येते. मेथी-चाकवत धुणाऱ्या हातांना हे माहीत असतं, पण पदार्थ परदेशी म्हटला की माहीत असलेलंही विसरायला होतं. तीन पाणी तरी करा, पावसाळ्यात पाच. हा पाला कच्चा खायचा आहे आणि लिंबू पिळल्याने त्यावरचे जंतू मरत नाहीत.

मग वाळवणं. धुवट सुती पंचावर पाला एकेरी पसरा, पंखा लावा, एक तास विसरून जा. मध्ये एकदा उलटा. घाई असेल तर पंचाची सैल पुरचुंडी बांधून बाल्कनीत गरागरा फिरवा. कोरडेपणाची परीक्षा अशी: मूठभर पाला कागदी रुमालात हलका दाबा. रुमालावर डाग उमटला तर अजून वेळ आहे. ज्यांना हा एक तास काढणं जड वाटतं त्यांनी खमंग काकडी करावी, ती उत्तम असते आणि वीस मिनिटांत होते.

दोरीचा चॉपर

हल्ली घरोघरी ती दोरी ओढायची डबी आली आहे. कांद्याला ठीक आहे. तिच्यात पार्सली घातली की दहाव्या ओढीला हिरवा लगदा, वर काही अख्खी पानं तशीच. पुदिन्याचं तर बोलायलाच नको: पान चेंगरलं की आतली द्रव्यं हवेशी भिडतात आणि काळपट पडतात.

पार्सलीची देठं एका बाजूला करून घट्ट जुडी मुठीत धरा आणि धारदार सुरीने मिलिमीटरभर अंतरावर एकदाच कापत जा. कापलेल्या ढिगावर पुन्हा पुन्हा सुरी नाचवायची नाही. पहिल्याच वेळी बारीक कापलं तर तशी वेळ येत नाही. विळीवर मेथी चिरायची सवय असलेल्यांना हे सुरीपेक्षा विळीवर छान जमतं, पण पातं लखलखीत हवं. गंजक्या विळीवर पुदिना हमखास काळा होतो. पुदिना सगळ्यात शेवटी, वाढायच्या आधी पंधरा मिनिटं चिरा. वरची कोवळी देठं पाल्यात चालतात. खालची जाडी कडवट, दोऱ्याची असतात, ती सूप उकळताना वापरा.

आधी मीठ, आधी तेल

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालतात, नाहीतर तिला पाणी सुटतं. इथेही तेच. लिंबाचं आम्ल हरितद्रव्याचा रंग बिघडवतं, तास-दोन तासांत हिरवं शेवाळी दिसू लागतं. तेलाबद्दल मात्र गैरसमज आहे. तेलाने पानाला कवच मिळतं म्हणून लोक ते सगळ्यात आधी चोळून ठेवतात. पानावर मेणाचा पातळ थर असतो, पाणी त्यावरून ओघळतं पण तेल त्यातून आत शिरतं, आणि पाला उलट लवकर मलूल होतो.

म्हणून सगळी तयारी दुपारी करा, पण वेगवेगळी ठेवा: कोरडा पाला अख्खाच, पंचात गुंडाळून फ्रिजमध्ये. लिंबू पिळून वाटीत. पाहुणे चपला काढत असताना टोमॅटो-बुलगूर भिजत असावा. पाला, पात, मीठ, उरलेला लिंबूरस, सगळ्यात शेवटी तेल, आणि हाताने वरखाली. चमच्याने दाबून ढवळू नका. पाच मिनिटांत चव घ्या, लिंबू पुढे आलेलं हवं.

बाकीच्या चुका थोडक्यात. पार्सलीऐवजी सगळी कोथिंबीर घातली तर होते ती कोथिंबिरीची कोशिंबीर. चांगली लागते, पण तिला तबूले म्हणू नका आणि पाला निम्मा करा, कारण कोथिंबिरीचा वास दांडगा. कुरळी पार्सली चालते, फक्त तिच्या घड्यांत माती जास्त अडकते. लाल कांदा वापरायचा तर चिरून लगेच मीठ-मिरपूड चोळा, म्हणजे उग्रपणा उतरतो. ऑलिव्ह तेल लिंबासोबत मिक्सरला फिरवू नका, चांगलं तेल असेल तर कडू होतं. गरम मसाला नको. लेबनॉनमध्ये चिमूटभर ऑलस्पाइस घालतात, नसेल तर मिरपूड पुरे. बाटलीतला लिंबूरस आणायचा असेल तर हा खटाटोपच करू नका.

बिघडलंच तर

तळाशी पाणी दिसलं तर वाडगा तिरका धरून ओघळ एका वाटीत काढा, त्यात एक मोठा चमचा कोरडा बारीक बुलगूर १५ मिनिटं भिजवा आणि तो परत पाल्यात मिसळा. वरून नुसता कोरडा बुलगूर भुरभुरवला तर कचकच लागते. बुलगूर अति भिजून गिच्च झाला असेल, पण अजून पाला घातलेला नसेल, तर मलमलच्या फडक्यात पिळून मोकळा करा. फार आंबट झालं तर साखर घालू नका, आणखी एक टोमॅटो आणि चमचाभर तेल घाला. कडवट लागलं तर जाडी देठं आली आहेत, त्याला उपाय नाही. काळा पडलेला पुदिनाही परत हिरवा होत नाही, तो वेचून काढा आणि ताजी पानं हाताने तोडून घाला.

वाढताना शेजारी लेट्यूसची पानं ठेवतात, त्यात चिमूट भरून खायचं. लेट्यूस नसेल तर कोबीच्या आतली कोवळी, वाटीसारखी पानं घ्या. ही काही आपली तडजोड नाही, लेबनॉनमध्येही कोबीची पानं ठेवतात.

आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी सॅलड म्हणून खाण्यात अर्थ नाही. रात्री लगेच फ्रिजमध्ये ठेवलेलं असेल तर सकाळी वाटीभर तबूलेत मावेल तेवढी थालिपीठाची भाजणी घाला, तिखट घाला, मीठ बेताने, आणि थापा. पाणी घालू नका, ते त्यात आहेच.