महाविद्यालयीन मेळ्यात भेळेचा स्टॉल लावण्यापूर्वी: तयारीची यादी

हिवाळा सुरू झाला की ठाण्यातील महाविद्यालयांच्या आवारात मांडव पडतात आणि विद्यार्थी चार-पाच जणांचे गट करून खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात. काही ठिकाणी हा उपक्रम महाविद्यालयाचा उद्योजकता कक्ष भरवतो, तर काही ठिकाणी तो मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाच्या अन्नपूर्णा योजनेखाली होतो. या योजनेत विद्यार्थ्याला १२० तासांचे काम दाखवावे लागते, त्यामुळे विक्रीच्या दिवसाइतकीच आधीच्या तयारीची नोंद महत्त्वाची ठरते. पुढील यादी भेळेचा स्टॉल डोळ्यांसमोर ठेवून केली आहे, कारण भेळेला शेगडी लागत नाही. घरातील १४.२ किलोचे सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचे असते आणि आवारात आच पेटवण्याची परवानगी सहजासहजी मिळत नाही; तेव्हा पहिल्याच वर्षी वडापावचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किमान तीन आठवडे आधी वही घेऊन हिशेब मांडावा. स्टॉलचे नाव, सारख्या रंगाचे टी-शर्ट आणि इन्स्टाग्रामवरची जाहिरात यांचा विचार त्यानंतर करावा. समजा, १५० प्लेट भेळ प्रत्येकी ४० रुपयांना विकायची आहे. साहित्याला प्लेटमागे १६ रुपये आणि द्रोण व लाकडी चमचा यांना ३ रुपये धरले, तर त्यांचे २,८५० रुपये होतात. त्यात स्टॉलचे शुल्क १,५०० आणि रिक्षाभाडे ४५० मिळवले की एकूण खर्च ४,८०० वर जातो. बहुतेक गट चाळीसातून सोळा वजा करतात आणि प्लेटमागे २४ रुपये सुटले म्हणून खूश होतात, पण प्रत्यक्षात सगळी भेळ खपली तरी हाती १,२०० रुपयेच उरतात, म्हणजे पाच जणांत प्रत्येकी २४०. खर्च भरून निघतो तो १२०व्या प्लेटला, आणि शंभरावरच गाडी अडली तर ८०० रुपये अंगावर पडतात. म्हणून १२० हा आकडा पाटीच्या मागच्या बाजूला, विकणाऱ्याला दिसेल असा खडूने लिहून ठेवावा. सकाळी भवानी झाली की उत्साहाच्या भरात मित्रांना फुकट भेळ वाटली जाते. या फुकट वाटपाला हाच आकडा आवर घालतो.

हिशेबातला १६ हा आकडा खरा आहे की नाही, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासावे लागते. गटातील प्रत्येकाने एकेक प्लेट आपल्या हाताने करावी आणि त्यातील कुरमुरे, शेव व फरसाण वेगवेगळे तोलावे. मी हा प्रयोग दरवर्षी करून घेतो. एकदा एका विद्यार्थ्याची शेवेची मूठ १५ ग्रॅमची निघाली आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीची ३५ ग्रॅमची, आणि दोघेही ‘चिमूटभरच घातली’ असे सांगत होते. कुरमुऱ्यांना एक वाटी आणि शेवेला एक मोठा चमचा अशी मापे तेव्हाच ठरवून टाकावीत व मेळ्याच्या दिवशी तीच वापरावीत.

भांडवल कोणी किती घातले, नफा कसा वाटायचा आणि तोटा झाल्यास तो कोणी सोसायचा, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. कोणी घरून चिंच आणली, कोणाच्या आईने चटणी करून दिली, तर त्याचीही किंमत लावावी. ‘राहू दे, घरचंच आहे’ असे म्हणणाराच वाटपाच्या वेळी सर्वांत आधी रुसतो.

परवानगीच्या अर्जात पदार्थ, स्टॉलवर बसणाऱ्यांची नावे, विजेची गरज आणि कचऱ्याची सोय यांचा उल्लेख असावा. अन्नसुरक्षेच्या २०११च्या परवाना व नोंदणी नियमांत तात्पुरत्या स्टॉलधारकाचाही समावेश आहे, त्यामुळे नोंदणीची जबाबदारी महाविद्यालय घेते की गटाने घ्यायची, हे शिक्षकांना आधीच विचारून घ्यावे. पुढे हाच धंदा गृहसंकुलातील जत्रेत न्यायचा विचार असेल, तर ती नोंदणी लागेलच. लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मात्र विनाशुल्क आहे. ती करून देण्याचे पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नये.

खरेदीसाठी वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, जाण्याचा मोह अनेकांना होतो. तिथला भाव कमी असतो हे खरे, परंतु तो व्यवहार गोणीचा असतो आणि १५० प्लेटना कांदा लागतो जेमतेम चार किलो. ठाण्याच्या बाजारपेठेत, जांभळी नाक्यावर हे सारे एका फेरीत मिळते. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, पेले व ताटल्या देशभर बंद आहेत, तेव्हा द्रोण पानाचे किंवा कागदाचे घ्यावेत. सजावटीचा थर्माकोलही त्याच यादीत आहे, हे विद्यार्थ्यांच्या गावीही नसते आणि स्टॉलचे नाव नेमके थर्माकोलच्या अक्षरांत कापून आणलेले असते.

चिंचेची चटणी आदल्या दिवशी केली तरी चालते, पण ती अॅल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नये. आंबटपणामुळे तिला धातूची चव येते. हिरवी चटणी त्याच सकाळी वाटून बर्फाच्या डब्यात ठेवावी. डबे फिरकीच्या झाकणाचे असावेत. आमच्या एका गटाने चटणी साध्या झाकणाच्या डब्यात भरून कळव्याहून रिक्षाने आणली. उतरल्यावर निम्मी चटणी हिशेबाच्या वहीवर होती, आणि पहिल्या तीन पानांवरचे आकडे नंतर आठवून लिहावे लागले. कांदा, टोमॅटो व बटाटा स्टॉलवरच, थोडा थोडा करून चिरावा. भेळ कालवणाऱ्याने पैशाला हात लावू नये, आणि भेळेत शेंगदाणे आहेत हे पाटीवर लिहावे, कारण काहींना ते सोसत नाहीत.

चाळीस रुपयांच्या भेळेला लोक पन्नासाची किंवा शंभराची नोट देतात, म्हणून दहा व वीसच्या नोटा मिळून हजार रुपयांचे सुटे आधीच जमवावेत आणि ती रक्कम वहीत वेगळी लिहावी; नाहीतर संध्याकाळी ती विक्रीत मोजली जाते आणि नफा फुगतो. यूपीआयचा क्यूआर कोड एकाच विद्यार्थ्याच्या खात्याचा ठेवावा, त्या सकाळची शिल्लक टिपून ठेवावी, आणि पैसे आल्याची खात्री ग्राहकाच्या फोनवर न करता आपल्याच फोनवर करावी. गर्दीत नेटवर्क मंदावते, त्यामुळे हे काम फक्त एकाकडे असावे व त्याच्याकडे पॉवर बँक असावी.

मांडव सोडण्यापूर्वी उरलेले कुरमुरे तोलावेत, रोख रक्कम दोघांनी वेगवेगळी मोजावी आणि सर्वांच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात, कारण दुसऱ्या दिवशी पाचही जण एकत्र सापडत नाहीत. पातेली मात्र धुऊनच ज्याच्या त्याच्या घरी पाठवावीत.