कोकणातला पावसाळा आणि एअर रायफल : नव्या नेमबाजांसाठी

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलीत पदक मिळवलं. तेव्हापासून आमच्याकडे नेमबाजी शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या चांगलीच वाढली आहे. मी रत्नागिरीजवळ शिकवतो आणि क्लबच्या रायफली-पिस्तुलांची देखभालही माझ्याकडेच आहे. उभं कसं राहायचं, श्वास कुठे रोखायचा, ट्रिगर कसा दाबायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण घरात मीठसुद्धा पाझरतं अशा हवेत ही महागडी वस्तू जपायची कशी, ते फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की करा : रायफलीला गंज चढतो तो ती ठेवून दिल्यावर. सराव सुरू असताना ती हाताळली जाते, पुसली जाते. परीक्षा आल्या, मुसळधार पाऊस लागला, रेंज बंद राहिली की केस कपाटावर जाते आणि तिथेच घोळ होतो. नवीन मंडळी विचारतात, ‘सर, कुठलं तेल लावू?’ माझा उलटा प्रश्न असतो : ठेवतोस कुठे?

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. आमच्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक वेळ ८० च्या पुढेच असते. त्यात घाम. घामातलं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं आणि विरघळतं. म्हणजे बॅरलवर (नळीवर) उमटलेला बोटाचा ठसा आपल्याला कोरडा दिसला, तरी पावसाळाभर तिथे खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. क्लबमधल्या एका मुलीच्या रायफलीवर मी हे अगदी स्पष्ट पाहिलं. लोडिंग पोर्टच्या (छर्रा भरायच्या जागेच्या) पुढे तांबूस डाग होता. भिंगाखाली धरला तर अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतक्या नीट उमटलेल्या. काहींचा घाम इतरांपेक्षा जास्त खारा असतो. अशा मुलांनी धातूला हात लागला की लगेच पुसायची सवयच लावून घ्यावी.

बॅरलवरची निळसर-काळी झाक, जिला ब्लूइंग म्हणतात, ती गंज रोखते असा बऱ्याच जणांचा समज असतो. ती झाक म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा एक पातळ, सच्छिद्र थर. तो तेल धरून ठेवतो, हे त्याचं खरं काम. तेल नसेल तर त्याचा आधार नाममात्र.

सराव संपल्यावरची पाच मिनिटं सोडू नका. रायफल रिकामी आहे ना ते आधी पाहा आणि सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत पट्टी) घाला. मग कोरड्या, मऊ सुती कापडाने घाम आणि ओल टिपून घ्या. जुन्या धुतलेल्या बनियनचं कापड उत्तम. त्यानंतर दुसऱ्या कापडावर दोन-तीन थेंब तेल घेऊन सगळ्या उघड्या धातूवर फिरवा. बोट फिरवल्यावर जेमतेम ओशट लागेल, इतकंच. शेवटचा हात कापडाचाच असू द्या, बोटांचा नको. साइटचे (नेम धरायच्या भागाचे) स्क्रू, पुढच्या वजनाच्या कडा, खांद्याला टेकणाऱ्या बट प्लेटच्या पट्ट्या विसरल्या जातात आणि गंज आधी तिथेच दिसतो.

तेल कुठलं? शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल रोजच्या पुसण्याला पुरतं आणि ते प्रत्येक बाजारपेठेत मिळतं. हत्यारांसाठीचं खास तेल परवडत असेल तर जास्त चांगलं. पाणी हटवणारे स्प्रे भिजलेल्या भागासाठी ठीक आहेत, पण त्यांचा थर लवकर विरतो, त्यामुळे महिनाभर ठेवायच्या रायफलीला त्यांच्या भरवशावर सोडू नका. आपल्याकडे खोबरेल हाताशी असतं म्हणून तेच लावणारेही आहेत. कृपा करून लावू नका. वनस्पती तेलं हळूहळू चिकट होतात, धूळ धरतात आणि खोबरेल तर थंडीत थिजतं.

तेल बाहेरच्या धातूलाच लावायचं. कॉम्प्रेशन चेंबरमध्ये (हवा दाबली जाते त्या जागी), ट्रान्सफर पोर्टमध्ये (तिथून नळीकडे हवा नेणाऱ्या छिद्रात) किंवा हवेच्या सिलिंडरच्या तोंडाशी खनिज तेलाचा थेंबही जाऊ देऊ नका. स्प्रिंगच्या रायफलीत हवा दाबली गेली की ती इतकी तापते की तेल आत पेट घेतं. सील जळतं, स्प्रिंगला हादरा बसतो. पीसीपीत, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलीत, उच्च दाबाची हवा आणि तेल एकत्र आलं तर माणसाला इजा होऊ शकते. सीलसाठी बनवणाऱ्याने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच वापरा, आणि तेसुद्धा जाणत्या माणसाच्या हातून. ट्रिगरच्या यंत्रणेत तर तुम्ही काहीच घालू नका.

नळीच्या आतला भाग वेगळा आहे. एअर रायफलीत दारू जळत नाही, त्यामुळे काजळी साठत नाही आणि दर आठवड्याला घासायची गरज नसते. पावसाळ्यात महिनाभर ठेवणार असाल तर किंचित तेल लावलेलं फेल्टचं पेलेट (दाबलेल्या लोकरीची छर्ऱ्याएवढी गोळी) ब्रीचकडून, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाकडून, पुढे ढकला आणि पुन्हा सरावाला उतरण्याआधी कोरडी फेल्ट पेलेट फिरवून आतलं तेल काढा. त्यानंतरचे काही शॉट इकडेतिकडे जातील. घाबरून साइटला हात लावू नका, ग्रुप (लक्ष्यावरचा छर्ऱ्यांचा पुंजका) पुन्हा जुळतो.

आता ठेवण्याबद्दल. रायफलीसोबत येणारी फोमची केस प्रवासासाठी आहे. फोम ओल धरतो आणि ती ओल रात्रंदिवस धातूला चिकटून राहते. घरी आल्यावर रायफल केसमधून बाहेर काढा आणि कुलूपबंद कपाटात उभी ठेवा. भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. कपाटात एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. तो ५० ते ५५ टक्के दाखवत असेल तर निश्चिंत राहा. त्यासाठी सिलिका जेल लागतं आणि त्याच्या इवल्याशा पुड्या पुरत नाहीत. सुटं जेल आणून कापडी पिशवीत भरा. रंग बदलणारं घ्या, निळ्यापेक्षा नारिंगी. निळ्यात कोबाल्ट असतं आणि ते आरोग्याला घातक. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तासभर तापवलं की ते पुन्हा तयार होतं. कपाटात टांगायच्या, खाली पाणी साठणाऱ्या पिशव्या मात्र रायफलीजवळ ठेवू नका. त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं आणि साठलेलं पाणी म्हणजे खारट द्रावण. ते एकदा सांडलं की पोलादाचं काय होईल ते सांगायला नको.

जुन्या घरांत कपाटात छोटा बल्ब लावून ठेवायची पद्धत होती, आणि तिच्यामागचं गणित चोख आहे. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३३ अंशांपर्यंत तापली तर तेवढ्याच बाष्पात आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते. एलईडी तापत नाही म्हणून तो इथे कामाचा नाही. ज्यांच्याकडे तापणारा बल्ब आहे त्यांनी तो कपड्यांपासून आणि लाकडापासून लांब, जाळीत ठेवावा, आणि भरलेला सिलिंडर त्या कपाटात कधीही ठेवू नये.

एसी रेंजवर सराव करणाऱ्यांनी आणखी एक जपावं. थंड रायफल दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरतं, स्टॉकच्या (रायफलीच्या लाकडी दांड्याच्या) आतल्या भागातसुद्धा. केस बंद ठेवूनच बाहेर या आणि रायफल बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडा.

पीसीपी वापरणाऱ्यांना ओल आतूनही गाठते. ३० अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला २४-२५ ग्रॅम पाणी असतं. २०० मिलीचा सिलिंडर २०० बारपर्यंत (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २०० पट) भरायला अशी ४० लिटर हवा लागते, म्हणजे जवळपास एक ग्रॅम पाणी. दाबलेली हवा ते बाष्परूपात धरूच शकत नाही. बरंचसं पाणी पंपात आणि फिल्टरमध्ये सुटतं, उरलेलं आत जातं. म्हणून हातपंपाने भरणाऱ्यांनी मधूनमधून थांबून ब्लीड स्क्रू (साठलेली हवा-पाणी सोडायचा स्क्रू) उघडावा, पंप निवू द्यावा आणि फिल्टरमधलं जेल वेळेवर बदलावं. जमेल तिथे डायव्हिंगच्या टाकीतली कोरडी हवा घ्या. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. सामन्यात वापरायच्या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची. मुदत संपलेला सिलिंडर बाहेरून कितीही चकचकीत दिसला तरी वापरू नका.

छर्ऱ्यांचा डबा उघडा राहिला तर शिशावर पांढरी पूड येते. ते छर्रे नळीत घालू नका, फुंकून साफ करू नका, आणि हात साबणाने धुवा.

गंज दिसलाच तर सँडपेपर पुढे करू नका, ब्लूइंग निघून जाईल. डागावर तेल टाकून रात्रभर ठेवा, मग अगदी बारीक, ०००० नंबरची स्टीलवुल तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा. खड्डे पडले असतील किंवा डाग नळीच्या आत असेल तर कारागिराकडेच न्या.

आगोटीच्या दिवसांत, मे संपायच्या आत, स्टॉक उतरवून लाकडाखाली दडलेलं पोलाद एकदा पाहून तेलाचा हात फिरवा, आणि ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर पुन्हा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, त्यामुळे स्टॉकचे स्क्रूही तेव्हाच तपासा.

किनाऱ्यावरची जुनी रायफल विकत घेणार असाल तर विकणाऱ्याला स्टॉक उतरवून दाखवायला सांगा. बाहेरची पॉलिश एका दुपारी होते. नळीचं तोंड, साइटच्या खाचा, सिलिंडरची तारीख आणि स्टॉकच्या आतली बाजू पाहा, आणि उतरवायला नकार दिला तर ती रायफल घेऊ नका.