वर्ड्सवर्थची 'टिंटर्न ॲबी' वाचकगटात कशी वाचावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी वाचकगटांसाठी ही मांडणी आहे. इंग्रजी प्रत सर्वांच्या हातात हवी. नुसत्या अनुवादावर ही कविता पेलत नाही.

आधी शीर्षक बाजूला ठेवा. टिंटर्न ॲबी हा पडका मठ, पण कवितेत त्याचं एका ओळीचंही वर्णन नाही. कवी मठापासून काही मैल वर, वाय नदीच्या काठी, पाच वर्षांनी परत आलाय. तारीख १३ जुलै १७९८. ओळी सुमारे १६०, यमक नाही. सावकाश मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात. पहिल्या बैठकीत न थांबता सगळी वाचा, अर्थ सांगायला मध्ये कुणी थांबू नये.

दुसऱ्या बैठकीला पहिल्या २२ ओळी घ्या. जुलैतला देखावा आहे: कच्च्या फळांच्या बागा आणि झाडी एकाच हिरव्या रंगात मिसळलेली, शेताच्या कडेचं झुडपांचं कुंपण माजून रान झालेलं. पावसाळ्यात खानापूरकडे फिरलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. घाई होते ती पुढच्या धुराच्या ओळींवर. झाडांतून धूर वर जातो आणि कवीच्या मनात येतं, रानात भटकणाऱ्या बेघर माणसांचा तर नसेल? चिकोडी-अथणीकडे ऊसतोडीच्या हंगामात टोळीच्या खोपट्यांवरून निघणारा संध्याकाळचा धूर आठवा. ही ओळ सुटली की पुढे येणारी माणुसकी वरून चिकटवल्यासारखी वाटते.

खरा वेळ २२ ते ४९ या ओळींना द्या, एक पूर्ण बैठक. शहरातल्या खोल्यांत, थकव्याच्या वेळी या देखाव्याने आपल्याला काय दिलं, ते कवी इथे सांगतो. 'अनरिमेंबर्ड' हा शब्द चार-पाच ओळींच्या अंतराने दोनदा येतो: आधी आठवणीत न उरलेला आनंद, मग आठवणीत न उरलेली दयेची, प्रेमाची लहानसहान कामं. निसर्ग आणि चांगुलपणा यांना जोडणारा पूल म्हणजे हा एक शब्द. म्हणून मराठीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द ठेवा. एकदा 'विस्मृत' आणि एकदा 'नकळत' केलं की पूल तुटला. 'विसरलेला' थोडा चुकतो, कारण तो आनंद मुळात लक्षात ठेवलेलाच नव्हता. गटात कन्नड जाणणारे असतातच. त्यांचा 'नेनपिल्लद' नेमका बसतो. त्यावरून 'आठवणीत नसलेला' असं साधं मराठी करता येतं.

याच वाक्यात 'कदाचित' आहे, तो गाळू नका. निसर्ग माणसाला सज्जन करतो असा दावा कवी करत नाही, तो चाचपडत बोलतो. पुढे ४९व्या ओळीपाशी, हा आपला पोकळ विश्वास तर नाही ना, असंही विचारतो. तावातावाने वाचलं की ही शंका ऐकूच येत नाही.

५८ ते १११ मध्ये वयं बदलतात. तरुणपणी धबधबा त्याला वासनेसारखा पछाडत होता. हा तुकडा ऑगस्ट-सप्टेंबरात गोकाकला घटप्रभेच्या धबधब्यापाशी वाचावा. त्यानंतर येणारं 'मानवतेचं शांत, उदास संगीत' मात्र तिथे वाचू नका. त्यासाठी दसऱ्यानंतर खानापुरात मलप्रभेचा काठ बरा. कणकुंबीच्या डोंगरातून आलेलं पाणी तोवर उतरलेलं असतं आणि वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही. या ओळीतल्या 'स्टिल'चा अर्थ 'अजूनही' असा हमखास केला जातो. इथे तो 'शांत' आहे. ते संगीत कर्कश नाही, तरी माणसाला नमवण्याची ताकद त्यात आहे, हे पुढच्याच ओळीत येतं.

शेवटचा भाग बहीण डॉरोथीला उद्देशून आहे. तिचं नाव येत नाही, 'सखी' आणि 'बहीण' अशी हाक येते. मराठीत सरळ 'तू' वापरा. 'तुम्ही' केलं तर जिव्हाळा जातो. बरेच गट हा भाग दोन आवाजांत वाटून घेतात. तसं करू नका, डॉरोथी कवितेत एक शब्दही बोलत नाही. वाचणाऱ्याने पान थोडं खाली घ्यावं आणि समोरच्या एकाच माणसाकडे बघून वाचावं.