पगार चुकीच्या खात्यात गेला तर

एनईएफटी किंवा आयएमपीएसने पाठवलेले पैसे फक्त खाते क्रमांक बघून जमा होतात. नाव जुळलं नाही म्हणून बँक अडवत नाही. एक आकडा चुकला की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराचा पगार भलत्याच्याच खात्यात.

आधी पगार पाठवणाऱ्याकडून यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, घ्या. तक्रार त्यानेच स्वतःच्या बँकेत करायची असते, कामगाराने आपल्या शाखेत हेलपाटे घालून उपयोग नाही. अर्जात तारीख, रक्कम, यूटीआर, चुकलेला आणि बरोबर असे दोन्ही खाते क्रमांक हवेत. बेळगाव-खानापूर भागात अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिलेला बरा, शाखेतल्या साहेबांना मराठी येईलच असं नाही. शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

पैसे ज्याला गेले त्याच्या संमतीशिवाय बँक सहसा ते परत वळवत नाही. तो नाही म्हणाला तर वकिलाची नोटीस द्या: करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

चूक मालकाची असेल तर वसुलीची वाट कामगाराने का बघावी? त्याचा पगार देणं बाकीच राहतं. मालक टाळत असेल तर कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.

रोजगार हमीची मजुरी दिसत नसेल तर आधी आपलीच जुनी पासबुकं भरून आणा. आधारवरून येणारे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात, आणि ते बऱ्याचदा विसरलेलंच खातं निघतं.