उन्हाळ्यात शेततळ्यातील मासे का मरतात? या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत शेततळ्यातील मासे मेले की दोष उन्हाला दिला जातो. वास्तविक रोहू, कटला आणि मृगळ हे उष्ण प्रदेशातील नद्यांचेच मासे असून 30 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात ते चांगले वाढतात. त्यांचा जीव बहुधा पहाटे जातो आणि तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपल्यामुळे जातो. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. त्यातच उष्णतेमुळे माशांची गरज वाढते आणि तळातील घाणही वेगाने कुजू लागते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडत असले, तरी रात्री तेच तो वापरते, त्यामुळे सूर्योदयापूर्वी प्राणवायूचा साठा अगदी कमी झालेला असतो.

म्हणूनच तळ्याची पाहणी फक्त दुपारी करणे ही पहिली चूक होय. पहाटे पाचच्या सुमारास बॅटरी घेऊन बांधावर उभे राहिल्यास मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात आणि शांत पाण्यावर त्यांचा चपचप आवाज स्पष्ट ऐकू येतो. पावलांची चाहूल लागताच मासे बुडी मारत असतील तर अजून वेळ आहे. परंतु ते जागचे हलत नसतील तर क्षणभरही थांबू नये. अशा वेळी मोठे मासे आधी दगावतात, म्हणजे वर्षभराच्या मेहनतीचा सर्वांत मोलाचा भाग आधी जातो.

दुसरी चूक हिशेबाची आहे आणि मला तीच सर्वांत घातक वाटते. वर 30 मीटर बाजू, तळाशी 24 मीटर बाजू आणि 3 मीटर खोली असलेल्या चौरस शेततळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. फळबागेसाठी उपसा करून पाणी दीड मीटरवर आले की तळे निम्मे राहिले असे आपण समजतो, पण बाजू उतरत्या असल्याने प्रत्यक्षात पावणेदहा लाख लिटरच उरते आणि मासे मात्र तेवढेच असतात. उपसा टाळता येत नसेल, तर विक्रीयोग्य मासे मार्च-एप्रिलमध्येच काढून गर्दी कमी करावी. जाळे भल्या सकाळी ओढावे, मात्र मासे वर आलेले असतील त्या दिवशी मुळीच ओढू नये.

बोअरचे पाणी थंड असल्याने ते थेट सोडले की मासे वाचतील, हा समज मीही पहिल्या वर्षी बाळगला होता. पाइपाचे टोक मी पाण्यात बुडवून ठेवले आणि सकाळी मासे नेमके त्याच कोपऱ्यापासून दूर जमलेले दिसले. भूगर्भातील पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो. ते उंचावरून फरशीवर किंवा दगडांवर आपटून, तुषार उडतील अशा रीतीने पडू द्यावे. वीज असेल तर तळ्याचेच वरचे पाणी पंपाने उचलून फवाऱ्यासारखे परत सोडणे हा आणीबाणीतील खात्रीचा उपाय आहे.

खाद्य संध्याकाळी देऊ नये. ऊन वर आल्यावर थोडेच द्यावे आणि मासे वर आले असतील त्या दिवशी पूर्ण बंद ठेवावे. ताजे शेण टाकणेही थांबवावे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवताना तळवा त्याआधीच दिसेनासा झाला, तर पाणी गरजेपेक्षा अधिक हिरवे झाले आहे असे समजावे.

एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) असूनही मासे मरतात, कारण तो दिवसा चालतो आणि रात्री बंद असतो. त्याची खरी गरज मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत असते. याशिवाय मार्चपासूनच रोज दुपारी तासभर तो चालवल्यास वरचे गरम आणि खालचे थंड पाणी यांचे थर पडत नाहीत. खोल तळ्यात खालचे पाणी थंड असले, तरी थर पडल्यावर तेथे प्राणवायू उरत नाही, त्यामुळे माशांना तो आसरा निरुपयोगी ठरतो.

हे थर तसेच राहिले, तर वळवाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर वरचे पाणी एकदम थंड होऊन खाली बसते आणि तळाचे कुजके पाणी वर येते. आभाळ भरून आलेल्या दिवशी खाद्य देऊ नये, पंपात डिझेल भरून ठेवावे आणि पाऊस थांबल्यावर त्या रात्री तळ्यावर मुक्काम करावा.