जुनी छोटी गाडी घेऊन रॅलीला उतरायचंय? इंजिन राहू दे, आधी मीटर बघा

रॅली म्हटलं की लोकांना लगेच हॉर्सपॉवर आठवते. पण 1964 ची मॉन्टे कार्लो रॅली मारली ती पॅडी हॉपकर्कच्या मिनी कूपर एसने, इंजिन 1071 सीसी, चाकं 10 इंची, आणि दुसरी आली ती आठ सिलिंडरची व्ही-एट फोर्ड फाल्कन. इंजिनाच्या साइझप्रमाणे हँडिकॅप, म्हणजे छोट्या इंजिनाला गुणांत सवलत, होता हे खरंय, पण अरुंद वळणात हलकी गाडी वेग फारसा न मोडता निघते, मजा तीच. आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले रस्ते बघा, एका बाजूला चिऱ्याची भिंत, समोरून पोदेराची म्हणजे पाववाल्याची सायकल, तिथे लांबलचक गाडी घेऊन करणार काय?

पहिल्यांदा टीएसडी (टाइम, स्पीड, डिस्टन्स) प्रकारात उतरा. यात पळायचं नसतं, दिलेला ऍव्हरेज, म्हणजे सरासरी वेग, पाळायचा, लवकर पोचलात तरी पेनल्टी आणि उशिरा तरी. म्हणून इंजिनावर पैसे घालू नका, किलोमीटर मोजणारा मीटर नीट करा. आयोजक बहुतेक वेळा सुरुवातीला मोजलेला पट्टा देतात, त्यांचे 5.00 किमी झाले आणि तुमच्या मीटरवर 5.20 दिसले तर तुमचा आकडा 1.04 पट. म्हणजे रोडबुकात, आयोजकांच्या रस्ता सांगणाऱ्या वहीत, 12.50 ला डावीकडे लिहिलं असेल तर तुमच्या मीटरवर ते वळण 13.00 ला येणार. हे एवढं गणित न केल्यामुळे आम्ही एकदा भलत्याच काजूच्या बागेत घुसलो होतो. आणखी एक, ताशी 36 किमीचा ऍव्हरेज म्हणजे सेकंदाला 10 मीटर, किलोमीटरला 100 सेकंद, आणि 30 चा म्हणजे किलोमीटरला दोन मिनिटं. शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या नॅव्हिगेटरला हे झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे.

गाडी कुठली? मारुती 800 स्वस्त, 796 सीसी, फ्रंट व्हील ड्राइव्ह, आणि पार्ट कुठेही मिळतात. माझी मात्र बाबांची पद्मिनी, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगला. घेताना रंगावर भुलू नका, मॅट उचलून फ्लोअर बघा आणि दाराखालची पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचा, इथल्या खाऱ्या हवेत वरून चकचकीत आणि खालून पापड असतो. 50 वर्षांवरची गाडी असेल तर 2021 च्या नियमाने विंटेज गाड्यांचा व्हीए नंबर घेता येतो, पण मग रोज बाजारात न्यायची नाही.

पद्मिनीला चारही ड्रम ब्रेक. ओहोळातून गेलात की ते धरतच नाहीत, बाहेर येऊन थोडा वेळ हलका ब्रेक दाबत चालवा, सुकतात. चोर्ला घाट उतरताना सेकंड गिअरमध्येच, न्यूट्रल अजिबात नाही.

आणि उन्हाळ्यात गाडीतल्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडे लक्ष द्या, तो इंजिनालाच बसवलेला, तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी गप्प. एप्रिलात केरीहून वर चढताना आमची अशीच बसली, मी कार्बोरेटर खोलायला निघालो तेवढ्यात मावसभावाने गळ्यातला पंचा पाण्यात भिजवून पंपावर टाकला, वीस मिनिटांत चालू. तो पंचा आता डिकीतच असतो, घरी धुवायला कोण घेत नाही.